सरकार आपणच निवडलं, मग स्वातंत्र्य राखायचं कुणापासून?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: सरकार आपण मतं देऊन निवडतो, नाही पटलं तर पुढच्या खेपेला बदलतो. मग त्याच सरकारपासून व्यक्तिस्वातंत्र्य जपायचं म्हणजे नेमकं काय करायचं? कर, परवाने, ओळखपत्रं, रस्त्यावरचे कॅमेरे हे सगळंच अतिरेकी नियंत्रण मानायचं का? आणि जो वकील नाही, कुठल्या पक्षात नाही, असा एकटा माणूस यात काय करू शकतो? शेवटच्या ओळीत तुम्ही एक भीतीही बोलून दाखवली आहे, की प्रश्न विचारणाऱ्याचं नाव कुठेतरी नोंदलं जातं. त्या भीतीकडे मी शेवटी येतो, कारण बाकीचं बोलणं झाल्याशिवाय तिच्याबद्दल नीट काही सांगता येणार नाही.

मी वकील आहे. माझ्या कामाचा मोठा भाग सरकारी आदेशांना आव्हान देण्याचा: अटक, झडती, सभाबंदी, अडवलेला पासपोर्ट, कारण न देता रद्द झालेला परवाना. मध्ये काही वर्षं सरकारच्या बाजूनेही उभा राहिलो. टेबलापलीकडची माणसं दुष्ट नसतात. बहुतेक वेळा ती घाईत असतात आणि वरून आलेल्या फोनला घाबरलेली असतात. माझं पुढचं सगळं म्हणणं या निरीक्षणावर उभं आहे. वाईट माणसं सत्तेत आली तर काय, यापेक्षा बऱ्या माणसांच्या हातात मोघम अधिकार आले तर काय होतं, हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. राज्य कुणी करायचं हा एक, आणि राज्य करणाऱ्याने कुठवर जायचं हा दुसरा. मतदानाने पहिल्याचा निकाल लागतो. दुसऱ्याचा लागत नाही. १९४२च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अध्यक्षांनी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला आणि त्या बळावर जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांत ठेवलं. त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. हे करणारे रूझवेल्ट निवडून आलेले होते, पुन्हा निवडूनही आले. संसद त्यांच्यासोबत होती, जनमत सोबत होतं, आणि १९४४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी या हकालपट्टीवर शिक्कामोर्तब केलं. माफी आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर भरपाई देणारा कायदा आला १९८८मध्ये. त्यातल्या नागरिकांना मताचा अधिकार असून काय उपयोग झाला? बहुसंख्यांनाच ते हवं होतं. व्यक्तिस्वातंत्र्याची हमी लागते ती अशाच वेळी. तुम्ही बहुमतात असता तेव्हा तिची आठवणही होत नाही.

आता अतिरेक कशाला म्हणायचं? इथे मी आधीच कबूल करतो की सरसकट उत्तर नाही. माझ्याकडे असेही पक्षकार येतात ज्यांना हेल्मेटची सक्ती हीच हुकूमशाही वाटते. त्यांना मी चहा पाजून परत पाठवतो. कर घेणं, गाडीला नंबर देणं, अन्नपदार्थ तपासणं, साथीच्या दिवसांत काही काळ वावरावर बंधन घालणं, यातलं काहीही मुळात स्वातंत्र्याविरुद्ध नाही. तीच गोष्ट एका परिस्थितीत रास्त असते आणि दुसऱ्या परिस्थितीत अतिरेक. वेग मोजणारा कॅमेरा नियम मोडणाऱ्या गाडीचा फोटो काढतो आणि बाकीच्या सोडून देतो. त्याला माझी हरकत नाही. तोच कॅमेरा प्रत्येक चेहरा ओळखून कोण कुठे कधी गेलं हे वर्षानुवर्षं साठवू लागला, तर यंत्र तेच असलं तरी प्रकरण वेगळं झालं. म्हणून कॅमेरा चांगला की वाईट या वादात मी पडत नाही. काय साठवलं जातं, किती दिवस, कोण पाहू शकतं आणि पाहिल्याची नोंद राहते का, एवढं विचारतो.

अनेक देशांच्या न्यायालयांनी यासाठी जवळपास सारखीच कसोटी बसवली आहे. तिचं मूळ जर्मन प्रशासकीय कायद्यात आहे; कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६मध्ये ओक्स खटल्यात ती मांडली, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७च्या गोपनीयतेच्या निकालात आणि २०१८च्या आधारच्या निकालात वापरली. वकिली भाषा काढून टाकली तर चार प्रश्न उरतात. या बंधनाला कायद्याचा आधार आहे का? हेतू खरा आणि रास्त आहे का? तोच हेतू कमी जाच करून साधला असता का? आणि सगळं धरून, मिळणारा फायदा माणसाच्या होणाऱ्या नुकसानीच्या तोलाचा आहे का? हे याच क्रमाने विचारायचे. लोक थेट चौथ्यावर उडी मारतात, तिथे मतमतांतरांना अंत नसतो, आणि वाद मग सुरक्षा मोठी की स्वातंत्र्य मोठं असा टीव्हीवरच्या चर्चेसारखा होतो.

पहिला प्रश्न लोकांना किरकोळ वाटतो. मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो, त्यामुळे जरा थांबतो. २०२०मध्ये न्यूझीलंडने कोरोनासाठी कडक टाळेबंदी लावली. एका माजी सरकारी कायदेतज्ज्ञाने तिला आव्हान दिलं. त्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालय म्हणालं की घरात थांबण्याचं बंधन गरजेचं होतं, वाजवी होतं, संकटाच्या मानाने प्रमाणातही होतं. तरीही २६ मार्च ते ३ एप्रिल या पहिल्या नऊ दिवसांत ते बेकायदा होतं. कारण त्या दिवसांत लोकांना घरात राहा असं पंतप्रधान आणि अधिकारी सांगत होते, पण तसं बांधून घालणारा कायदेशीर आदेश निघालेला नव्हता. तो नऊ दिवसांनी निघाला.

हा निकाल ऐकून अनेक जण विचारतात, जीव वाचले ना, मग हा शब्दच्छल कशाला? माझं उत्तर असं: हेतू चांगला होता म्हणून कायद्याशिवायची सक्ती एकदा चालवून घेतली, की पुढच्या वेळी हेतू चांगला आहे हे ठरवणारा सक्ती करणाराच असतो. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. तिथल्या न्यायाधीशांनी सरकारला खलनायक ठरवलं नाही, कुणाला शिक्षा केली नाही, फक्त नोंद करून ठेवली की एवढे दिवस आधार नव्हता. शिक्षेपेक्षा ती नोंद मला जास्त उपयोगी वाटते, कारण पुढच्या साथीत फायलीवर सही करणारा अधिकारी ती वाचून मगच सही करील.

माझ्या स्वतःच्या कामात बहुतेक आदेश याच पहिल्या पायरीवर ठेचकाळतात. गाजलेल्या खटल्यांत घटनेच्या मोठमोठ्या तत्त्वांची चर्चा असते. रोजच्या प्रकरणांत मात्र चर्चेला कागदच नसतो. सभागृहाच्या मालकाला कुणीतरी फोन करतं, की अमक्यांना हॉल देऊ नका. कुणाला निरोप येतो, उद्या ठाण्यात येऊन बसा. दुकानदाराला सांगितलं जातं, आठवडाभर बंद ठेवा, वरून सूचना आहे. कलम कुठलं, मुदत किती, अपील कुणाकडे, काही नाही. ज्या आदेशाला कागद नाही त्याला आव्हान कशाचं देणार? तोंडी आदेश तेवढ्यासाठीच सोयीचा असतो. अशा वेळी मी पक्षकाराला वाद घालायला सांगत नाही. त्याच दिवशी एक चार ओळींचं पत्र पाठवायला सांगतो: ‘आज इतक्या वाजता आपल्या कार्यालयातून मला असं असं सांगण्यात आलं. कृपया हा आदेश कोणत्या तरतुदीखाली आहे ते लेखी कळवावं, म्हणजे मला त्याचं पालन करता येईल.’ पत्राची पोच घ्यायची, ईमेल असेल तर जपून ठेवायचा. भाषा नम्र हवी, आणि ‘पालन करता येईल’ हे शब्द वगळायचे नाहीत. कितीदा तरी असं पत्र गेल्यावर आदेश हवेत विरतो, कारण त्याखाली सही करायला कुणी तयार नसतं.

लेखी आदेश असला तरी त्यात कारण असावं लागतं. १९७७मध्ये मनेका गांधींचा पासपोर्ट ‘सार्वजनिक हितासाठी’ जप्त झाला. त्यांनी कारणं मागितली, तर कारणं देणंही सार्वजनिक हिताचं नाही असं उत्तर आलं. जानेवारी १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्यात कुठलीतरी प्रक्रिया लिहिलेली असणं पुरेसं नाही. ती न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे. भारतात पुढे व्यक्तिस्वातंत्र्याचा जो विस्तार झाला त्याचा बराचसा भाग या एका पासपोर्टच्या भांडणातून निघाला आहे. ‘सार्वजनिक हित’, ‘सुव्यवस्था’, ‘राष्ट्रीय सुरक्षा’ हे शब्द खोटे नाहीत. पण नुसता शब्द लिहून भागत असेल तर प्रत्येक आदेशात तोच शब्द दिसू लागतो, हे मी दोन्ही बाजूंनी उभा राहून पाहिलं आहे. सरकारी बाजूला असताना मसुदे तपासायला यायचे, तेव्हा मी एकच गोष्ट लाल शाईने विचारायचो: या माणसाबद्दल काय माहिती आहे, ते लिहा.

दुसऱ्या प्रश्नावर फार बोलण्यासारखं नाही. कागदावरचा हेतू नेहमीच निर्मळ असतो.

तिसऱ्या प्रश्नात, म्हणजे कमी जाचाचा उपाय होता का यात, हल्ली खरी लढाई असते, कारण तंत्रज्ञानामुळे संशयिताची माहिती गोळा करण्यापेक्षा सगळ्यांचीच गोळा करणं सोपं आणि स्वस्त झालं आहे. युरोपीय संघाने २००६मध्ये निर्देश काढला की फोन आणि इंटरनेट कंपन्यांनी प्रत्येक ग्राहकाच्या संपर्काच्या नोंदी किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षं ठेवायच्या. कुणी कुणाला, कधी, कुठून फोन केला, हे सगळं. संशय असो वा नसो. एप्रिल २०१४मध्ये युरोपीय न्यायालयाने तो रद्द ठरवला. गुन्हेगारीशी लढण्याचा हेतू त्यांनी मान्य केला. अडलं ते इथे, की ज्याचा गुन्ह्याशी दूरान्वयेही संबंध नाही अशा प्रत्येक माणसाला त्या जाळ्यात ओढलं होतं, आणि ती माहिती कोण कधी पाहणार याला धड मर्यादा नव्हती. अमेरिकेत तर २०१४च्या जानेवारीत सरकारच्याच गोपनीयता व नागरी स्वातंत्र्य देखरेख मंडळाने तिथल्या फोननोंदींच्या सरसकट संकलनाबद्दल लिहिलं, की देशाला असलेल्या धोक्याशी संबंधित असं एकही उदाहरण सापडलं नाही ज्यात या कार्यक्रमाने दहशतवादविरोधी तपासाच्या निकालात ठोस फरक पाडला. फायदा काय झाला हे विचारणारं आणि आतल्या फायली पाहू शकणारं कुणीतरी होतं म्हणून एवढं तरी कळलं.

‘माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही’ असं म्हणणारे इथे भेटतात. त्यांच्याशी मी तत्त्वाचं बोलत नाही, ऑस्ट्रेलियाचं प्रकरण सांगतो. तिथे २०१६पासून सामाजिक साहाय्य घेणाऱ्या लोकांना संगणकाने वसुलीच्या नोटिसा पाठवायला सुरुवात केली. माणसाचं वर्षाचं उत्पन्न करखात्याकडून घ्यायचं, ते पंधरवड्यांमध्ये सारखं वाटायचं, आणि त्या सरासरीवरून अमुक पंधरवड्यात तुम्ही जास्त मदत घेतली असं ठरवायचं. हंगामी काम करणाऱ्याचं उत्पन्न सारखं नसतंच. पण चूक झाली नाही हे सिद्ध करायचं ओझं नोटीस मिळालेल्यावर. काही वर्षांपूर्वीच्या पगाराच्या चिठ्ठ्या त्याने शोधून आणायच्या. २०१९मध्ये न्यायालयात हे बेकायदा ठरलं, २०२०मध्ये सरकारने सुमारे ४,७०,००० मागण्यांचे ७२ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर परत करू असं जाहीर केलं, आणि २०२३च्या जुलैत चौकशी आयोगाचा अहवाल आला. त्या लोकांनी काहीही लपवलेलं नव्हतं. सरकारकडे त्यांची माहिती होती आणि ती सरकारने चुकीची वाचली. म्हणून यंत्राने घेतलेल्या कुठल्याही निर्णयाबाबत मी दोनच गोष्टींवर अडून बसतो: निर्णय कशावरून झाला ते सांगा, आणि ज्याच्याशी बोलता येईल असा माणूस द्या. एस्टोनियात नागरिकाला आपली नोंद कुठल्या सरकारी यंत्रणेने पाहिली हे संगणकावर तपासता येतं. एवढं डिजिटल सरकार असूनही हे जमतं, तेव्हा ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ हे उत्तर मी सहसा मानत नाही.

आता तात्पुरत्या अधिकारांकडे. लोकशाहीत कायमची जाचक तरतूद थेट आणली तर आरडाओरडा होतो. तात्पुरती आणली तर होत नाही. ब्रिटनमध्ये १९३९मध्ये युद्धासाठी ओळखपत्रं आली: सैन्यभरती, सुरक्षा आणि शिधावाटप एवढ्यासाठी. युद्ध १९४५मध्ये संपलं, ओळखपत्रं राहिली, आणि दरम्यान एकेक खातं आपापल्या कामासाठी ती मागू लागलं. डिसेंबर १९५०मध्ये क्लॅरेन्स विलकॉक नावाच्या माणसाची गाडी पोलिसाने अडवली आणि ओळखपत्र मागितलं. त्यांनी नकार दिला. खटला झाला आणि ते हरले. वरच्या न्यायालयातही दोष कायम राहिला. पण १९५१मध्ये मुख्य न्यायाधीश लॉर्ड गॉडर्ड यांनी स्पष्ट सुनावलं, की एका कामासाठी केलेला कायदा भलत्याच कामासाठी वापरला जातो आहे आणि त्यामुळे पोलिसांविषयी नाराजी वाढते. विलकॉक यांना शिक्षा अशी कुठलीच झाली नाही. फेब्रुवारी १९५२मध्ये ओळखपत्रं गेली. हरलेल्या खटल्याने केलेलं काम म्हणून मी हे प्रकरण कनिष्ठ वकिलांना आवर्जून वाचायला लावतो.

यावर दोन औषधं कायद्यातच घालता येतात. एक, मुदत. अमेरिकेच्या २००१च्या पॅट्रियट कायद्यातल्या काही कलमांना आपोआप संपण्याची तारीख होती. त्यामुळे दर काही वर्षांनी संसदेला ती नव्याने मंजूर करावी लागत. वर्षानुवर्षं ती मुकाट मंजूर झाली हे खरं, पण २०१३मध्ये अमेरिकी गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने फोडलेली कागदपत्रं बाहेर आल्यावर २०१५ची तारीख दारात उभी होती, आणि नवा कायदा करून फोननोंदींचं सरसकट संकलन थांबवावं लागलं. तारीख नसती तर विषय सभागृहात आणायलाच आणखी काही वर्षं गेली असती. मुदत हा रामबाण उपाय नाही, हेही सांगतो. फ्रान्सने नोव्हेंबर २०१५च्या हल्ल्यांनंतर आणीबाणी लावली, पुन्हा पुन्हा वाढवली, १ नोव्हेंबर २०१७ला संपवली, आणि संपवताना तिच्यातले बरेचसे अधिकार थोड्या फेरफाराने नेहमीच्या कायद्यात घेतले.

दुसरं औषध म्हणजे नंतरची सक्तीची चौकशी. कॅनडाच्या १९८८च्या आणीबाणी कायद्यात ती लिहिलेली आहे. सरकारची इच्छा असो वा नसो, अधिकार वापरले की चौकशी नेमायचीच. फेब्रुवारी २०२२मध्ये ट्रकचालकांच्या आंदोलनावेळी तो कायदा पहिल्यांदा वापरला गेला, नऊ दिवसांत मागे घेतला. चौकशी आयुक्तांनी २०२३मध्ये म्हटलं की अटी पूर्ण झाल्या होत्या. संघीय न्यायालयाने जानेवारी २०२४मध्ये म्हटलं की नव्हत्या, पाऊल अवाजवी होतं. शहाणी माणसं दोन बाजूंना गेली. मला त्यात काही गैर वाटत नाही. मंत्र्यांना, खुद्द पंतप्रधानांना शपथेवर बसून का केलं ते सांगावं लागलं, हे मला निष्कर्षाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

न्यायालयांवर किती विसंबायचं? वकील म्हणून ‘पूर्ण’ असं म्हणायला मला आवडलं असतं. भारतात जून १९७५मध्ये आणीबाणी आली, विनाचौकशी हजारो लोक तुरुंगात गेले. नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं की स्थानबद्धता कायद्याबरहुकूम आहे का हे तपासण्याचा अधिकार आम्हाला आहे. २८ एप्रिल १९७६ला सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ मतांनी तो दरवाजा बंद केला. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी महान्यायवादींना विचारलं होतं, की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला तर? सरकारची भूमिका धरून चाललं तर त्या काळात उपाय नाही, असं उत्तर मिळालं. खन्ना एकटे विरोधात गेले. जानेवारी १९७७मध्ये सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावललं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. तो निकाल औपचारिकपणे पुसला गेला २०१७मध्ये, नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडून. त्याआधीच १९७८मधल्या ४४व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे मोघम कारण काढून ‘सशस्त्र उठाव’ घातलं होतं आणि आणीबाणीतही जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क थांबवता येणार नाही असं लिहिलं होतं. नीट पाहा: न्यायालयाने जे सोडलं ते मतदारांनी आणि संसदेने आधी दुरुस्त केलं, न्यायालयाने चाळीस वर्षांनी. म्हणजे मतदान बिनकामाचं असंही मी म्हणत नाही. संकटाच्या ऐन भरात ते कामी येत नाही, संकट ओसरल्यावर येतं.

न्यायालयात जिंकूनही काम संपत नाही, हे फार कमी लोक ध्यानात घेतात. समाजमाध्यमांवरच्या ‘त्रासदायक’ मजकुरासाठी तुरुंगवास देणारं भारतातलं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ला रद्द केलं. २०२१मध्ये त्याच न्यायालयापुढे आलं की पोलीस अजून त्या कलमाखाली गुन्हे नोंदवत आहेत. अनेकदा द्वेषापोटी नव्हे, कायद्याच्या पुस्तकात कलम छापलेलंच होतं आणि ते रद्द झाल्याचं नुसत्या तळटीपेत होतं. म्हणून माझा आग्रह असतो की महत्त्वाच्या निकालाची प्रत अर्जालाच जोडा. संबंधित परिच्छेदाखाली रेघ ओढा. समोरच्याने तो वाचलेला असेल असं गृहीत धरू नका.

तुम्ही एकटा माणूस काय करू शकतो असं विचारलंत. लेखी मागणं वर आलंच. माहिती मागण्याचा हक्क हे दुसरं साधन. स्वीडनने सरकारी कागद पाहण्याचा अधिकार १७६६मध्ये दिला, अमेरिकेत तो कायदा १९६६चा, भारतात २००५चा. भारतात एरवी ३० दिवसांत आणि जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंध असेल तर ४८ तासांत उत्तर द्यावं लागतं. मोठ्ठे प्रश्न विचारू नका, त्यांना मोठ्ठी टोलवाटोलवी मिळते. आदेशाचा क्रमांक, तारीख, कलम, किती वेळा वापरला, कुणी आढावा घेतला, एवढंच विचारा. तिसरं, नियमांचे मसुदे हरकतींसाठी खुले असतात तेव्हा हरकत नोंदवा. मुदतीत आलेल्या हरकती वाचायला कुणीतरी नेमलेलं असतं, आणि ‘या नियमाला मुदत नाही, अपील नाही, नोंदी किती दिवसांनी पुसणार ते लिहिलेलं नाही’ अशी नेमकी तीन वाक्यांची हरकत दहा पानी निबंधापेक्षा जास्त दूर जाते.

चौथी गोष्ट बहुतेकांना आवडत नाही. जी माणसं तुम्हाला पटत नाहीत त्यांच्या बाजूनेही हे सगळं करावं लागतं. यहोवाचे साक्षीदार हा छोटा पंथ कुठल्याही झेंड्याला वंदन करत नाही. अमेरिकेत त्यांची मुलं शाळेतून काढली गेली. १९४०मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते ८ विरुद्ध १ असे हरले, १९४३मध्ये त्याच न्यायालयाने निकाल फिरवला. केरळमध्ये १९८५ साली याच पंथातल्या तीन भावंडांना राष्ट्रगीत म्हटलं नाही म्हणून शाळेने काढलं. ती आदराने उभी राहत, फक्त गात नसत. १९८६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. हा पंथ लोकप्रिय कधीच नव्हता. पण सक्तीने बोलायला लावता येत नाही हे तत्त्व आज जे कुणी वापरतात, त्यातल्या बहुतेकांचा त्या पंथाशी काही संबंध नाही. नवे अधिकार आधी नेहमी नावडत्या माणसांवर वापरले जातात, कारण तिथे ओरडणारं कुणी नसतं. तुमच्यापर्यंत ते येतात तेव्हा त्यांची सवय झालेली असते आणि पूर्वीचा निकालही विरोधात असतो.

राहिली ती नाव नोंदलं जाण्याची भीती. नोंदलं जात नाही असं मी सांगणार नाही. कुठे किती धोका आहे हे देशावर, काळावर, विषयावर आणि तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. सरकारी नोकरी, परदेशी नागरिकत्व, घरात आधीच चालू असलेला खटला, या सगळ्याने हिशेब बदलतो. ज्याचं पोट एका परवान्यावर आहे त्याला ‘घाबरू नका’ असं लांबून सांगणं मला बरं वाटत नाही. शक्य असेल तिथे एकट्याच्या नावाने न लिहिता संस्थेच्या, संघटनेच्या किंवा दहा जणांच्या सहीने लिहा. पत्रात फक्त घडलेलं लिहा, विशेषणं नकोत; बदनामीचा किंवा चिथावणीचा आरोप बहुतेकदा विशेषणांवरूनच होतो. प्रत दुसऱ्या कुणाकडे ठेवा. बोलावणं आलं तर एकटे जाऊ नका, आणि पहिला प्रश्न शांतपणे हा विचारा: मला अटक केली आहे का, की मी जाऊ शकतो? उत्तर काहीही असो, वेळ लिहून घ्या. अटक असेल तर कारण आणि वकील मागा, घरच्यांना कळवायला सांगा, वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका.

तुमच्या प्रश्नाच्या सुरावरून वाटतं की तुमच्या हातात खरोखर एखादी नोटीस आली असावी. तसं असेल तर इथे तिचा मजकूर टाकू नका. तिच्यावरची तारीख पाहा आणि अपिलाची मुदत कधी संपते ते आजच मोजा. काही ठिकाणी ती जेमतेम काही दिवसांची असते. नोटिशीचं पाकीटही टाकून देऊ नका, त्यावरचा टपालाचा शिक्का मुदत ठरवताना लागतो.